मानेतली गाठ आणि उपचारांचे माप

पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या पिढीतील बहुतेकांनी लहानपणी अनुभवलेले असेल. ते ठणकते, धड चालू देत नाही, म्हणून घरातले लगेच लक्ष देतात. जखम भरली की अवधाणही बसते. उतारवयात मानेवर येणाऱ्या ज्या गाठीविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे, ती मात्र बहुधा दुखत नाही. दाढी करताना बोटांना लागते, सदऱ्याची कॉलर तिथे अडते, एवढाच तिचा उपद्रव. दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते, आणि तेवढ्या अवधीत घशातला आजार हातपाय पसरतो.

आमच्या घरी ती ह्यांच्या मानेवर आली. उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, लहान आवळ्याएवढी, टणक. वय त्र्याहत्तर. तरुणपणी बिडी, नंतर तंबाखू-चुना. गिळताना घशात काहीतरी अडल्यासारखे वाटते आणि उजव्या कानात कळ येते, असेही ते अधूनमधून म्हणत. घशाचे दुखणे कानात जाणवू शकते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तीन आठवडे झाले तरी गाठ बसेना, तेव्हा आम्ही दौलताबादहून शहरात गेलो. अंतर पंधरा-सोळा किलोमीटरच. पुढे तीच वाट किती वेळा तुडवावी लागणार आहे, याची कल्पना तेव्हा नव्हती.

अवधाण आणि ही गाठ, दोन्ही एकाच यंत्रणेची अपत्ये. पेशींभोवती झिरपणारा द्रव, ज्याला लसिका म्हणतात, तो बारीक वाहिन्यांतून पुन्हा रक्ताकडे वळतो आणि वाटेत त्याला ठिकठिकाणी लसिकाग्रंथींच्या चाळण्या लागतात. एकट्या मानेत अशा सुमारे ३०० ग्रंथी असतात. जंतू आले की त्या फुगतात. कर्करोगाच्या पेशी आल्या तर आधी तिथेच अडकतात, आणि मग तिथेच बिऱ्हाड करतात. शल्यविशारदांनी कागदावर मान काढून तिचे १ ते ५ असे विभाग पाडून दाखविले. जिभेच्या मुळाशी निघालेला रोग बहुधा २, ३ आणि ४ या विभागांत उतरतो, तोंडातला १, २, ३ मध्ये. मी शाळेत इतिहास शिकवीत असे. देवगिरीच्या किल्ल्यावर मुलांना नेले की अंबरकोट, महाकोट, काळाकोट हे तट ओळीने ओलांडावे लागतात, मधला तट चुकवून आत जाता येत नाही. मानेतही रोगाच्या वाटा अशा बऱ्याचशा ठरलेल्या असतात, हे ऐकून मला नवल वाटले. थोडा धीरही आला. कारण वाट ठाऊक असली तरच कुठे नाकेबंदी करायची आणि कुठला भाग मोकळा सोडायचा, हे ठरविता येते. उपचार कमी करण्याचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की जुनी माणसे गंडमाळ म्हणतात, आणि ते अगदीच निराधार नाही. मानेच्या ग्रंथींचा क्षयरोग आपल्याकडे खरोखरच पुष्कळ आढळतो. पण पन्नाशी ओलांडलेल्या, तंबाखू खाल्लेल्या माणसाच्या मानेवरची टणक गाठ नुसत्या अंदाजाने क्षयाची ठरवून औषधे सुरू करणे योग्य नाही. सुईने गाठीतला अंश काढून तपासणे हे पाच मिनिटांचे काम आहे. सुई लावल्याने रोग पसरतो, ही समजूत आमच्या शेजारीही होती आणि आपल्याही ऐकण्यात असेल. बारीक सुईच्या तपासणीबाबत ती खरी नाही. गाठ पूर्ण तपासणीआधी घाईने कापून काढणे मात्र टाळावे. आधी दुर्बिणीतून घसा पाहावा, सुई लावावी, सीटी किंवा एमआरआय करावा, हा क्रम.

ह्यांच्या जिभेच्या मुळाशी मूळ रोग सापडला. मानेतली गाठ अडीच सेंटिमीटर, एकच. अहवाल हातात पडला तेव्हा आमचे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पसरलाय म्हणजे आता काय राहिलं?"

हा 'पसरलाय' शब्द मी आपल्यापुढे जरा उलगडून ठेवते, कारण या एका शब्दावर घरोघरी उपचार सुरू होण्याआधीच संपतात. फुप्फुसात किंवा हाडांत पसरणे वेगळे आणि मानेच्या ग्रंथीत पोहोचणे वेगळे. ग्रंथीत रोग गेला की बरे होण्याची शक्यता घटते, हे खरेच आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतला आडाखा तर ती निम्म्यावर येते असा आहे. तरीही तो रोग मानेच्या हद्दीत असतो, आणि तिथपर्यंतचा उपचार बरे करण्याच्या हेतूनेच दिला जातो. घशाच्या कर्करोगात 'चौथा टप्पा' हे शब्दही फसवे आहेत. तंबाखूने झालेल्या रोगात मानेत एकाहून अधिक ग्रंथी असल्या, किंवा एकच पण तीन सेंटिमीटरहून मोठी असली, तरी कागदावर चौथा टप्पा लिहिला जातो. त्या टप्प्याच्या पहिल्या पायरीवरचे कितीतरी रुग्ण बरे होण्यासाठीच उपचार घेत असतात. ह्यांचा तिसरा होता. किरणोपचाराच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या गृहस्थांचा चौथा होता, आणि ते ह्यांच्यापेक्षा अधिक हसतमुख होते.

डॉक्टरांना तीन गोष्टी हव्या होत्या: ग्रंथी किती, केवढ्या, आणि ग्रंथीचे कवच फोडून रोग बाहेर आला आहे का. ही तिसरी बाब आपण आवर्जून विचारावी. कवच फुटलेले असले तर शस्त्रक्रियेनंतर नुसता किरणोपचार पुरत नाही, त्याला केमोची जोड द्यावी लागते, असे २००४ साली युरोप आणि अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनंतर ठरले. अशा ठिकाणी उपचार कमी करण्याला फारसा वाव नसतो. ह्यांचे कवच सीटीवर तरी शाबूत दिसत होते.

येथे आमच्या पुण्याच्या मुलाने एक कात्रण पुढे केले. "आई, परदेशात आता घशाच्या कॅन्सरला उपचार कमी करतात. बाबांना या वयात एवढा मारा कशाला?" प्रश्न प्रेमाचा होता आणि रास्त होता. अशी कात्रणे आपल्याही घरी येत असतील, म्हणून त्यामागची हकीकत सविस्तर सांगते.

घशाचा कर्करोग दोन जातींचा असतो असे मानायला हरकत नाही. एक तंबाखू आणि मद्याचा. दुसरा एचपीव्ही नावाच्या विषाणूचा, तो मुख्यतः टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी होतो. या दुसऱ्या जातीत मानेतल्या गाठी अनेकदा मोठ्या, कधी पाण्याने भरलेल्या असतात, आणि तरीही उपचारांना चांगली दाद देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर विषाणूच्या जातीचे सुमारे ८२ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या जातीचे ५७ टक्के. फरक एवढा मोठा की पुढे कर्करोगाचे टप्पे ठरविणाऱ्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत विषाणूच्या जातीसाठी वेगळे कोष्टकच करावे लागले. पूर्वी ज्या मानेच्या गाठींमुळे चौथा टप्पा लिहीत, त्यांतील अनेकांना आता पहिला टप्पा लिहितात. रोग तोच, फक्त त्याचे वजन नव्याने केले.

मग साहजिकच विचार आला की हे रुग्ण बरे होणारच असतील, तर त्यांना आयुष्यभराची कोरडी तोंडे आणि अवघड गिळणे कशाला द्यायचे? उपचार उतरवून पाहू. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ३३४ रुग्णांच्या चाचणीत सिस्प्लॅटिन या जुन्या, कडक औषधाऐवजी सेटक्सिमॅब हे सौम्य समजले जाणारे औषध देऊन पाहिले. २०१८ च्या अखेरीस निकाल आला. दोन वर्षांनी सिस्प्लॅटिनच्या गटात ९७.५ टक्के रुग्ण हयात होते, सौम्य औषधाच्या गटात ८९.४ टक्के. शिवाय एकूण त्रासही कमी झाला नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेतल्या याहून मोठ्या चाचणीने हेच सांगितले. दुसरीकडे, तोंडातून रोबोच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करून मधल्या जोखमीच्या रुग्णांना ६० ऐवजी ५० ग्रे किरणमात्रा दिली, तर दोन वर्षांपर्यंत काही बिघडले नाही, असेही एका अमेरिकी अभ्यासाने २०२२ साली दाखविले. म्हणजे काही वजाबाक्या जमल्या, काही फसल्या. कोणती जमेल हे आधी कोणालाच सांगता आले नव्हते.

आपल्या देशात या आजारात तंबाखूचाच वाटा मोठा आहे. ह्यांच्या तुकड्यावर पी-सोळा नावाची तपासणी केली, ती नकारात्मक आली. मुलाचे कात्रण चुकीचे नव्हते, ते दुसऱ्या आजाराचे होते. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा कर्करोग निघाला तर ही तपासणी झाली आहे का, हे आपण जरूर विचारा. स्वरयंत्राच्या किंवा घशाच्या खालच्या भागाच्या रोगात तिचा निर्णयाला तसा उपयोग नसतो.

तंबाखूच्या रोगात आपल्याकडेही वजाबाकी करून पाहिली गेली, आणि ती मुंबईच्या टाटा रुग्णालयात. दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचा मोठा डोस देण्याऐवजी दर आठवड्याला लहान डोस द्यायची पद्धत देशभर रूढ होती. रुग्णाला झेपते, रुग्णालयात राहावे लागत नाही. डॉ. वनिता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. दोन वर्षांनी मूळ जागी व मानेत रोग आटोक्यात राहिलेले रुग्ण: मोठ्या डोसात ७३ टक्के, लहान डोसात साडेअठ्ठावन्न. त्रास मोठ्या डोसात अधिक होता, हेही त्यांनी लपविले नाही. तो लहान डोस चौरस मीटरला ३० मिलिग्रॅमचा होता. पुढे इतरत्र ४० मिलिग्रॅमच्या साप्ताहिक डोसाने, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत, चांगले निकाल दिले आहेत. दहा मिलिग्रॅमचा हा फरक मला फार बोलका वाटतो.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही टाटाचेच एक उदाहरण सांगण्याचा मोह होतो, जरी ते घशाचे नसून तोंडाच्या कर्करोगाचे आहे. मानेत गाठ लागत नसेल तर मान उघडायची कशाला, गाठ आली की पाहू, असा पुष्कळ ठिकाणचा रिवाज होता. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २०१५ साली दाखवून दिले की मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात राहतात, वाट पाहिली तर साडेसदुसष्ट. तिथे कमी करणे महागात पडत होते.

आता आमच्या वजाबाकीकडे वळते. ह्यांचे क्रिएटिनिन वाढलेले होते आणि कानांनी कमी ऐकू येत होते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि श्रवण या दोहोंवर घाला घालते, त्यामुळे ते बादच झाले. त्याच्या जागी दर आठवड्याला डोसिटॅक्सेल देण्याचा पर्याय होता. ज्यांना सिस्प्लॅटिन चालत नाही अशांत त्याचा लाभ टाटाच्याच अभ्यासात दिसला आहे: दोन वर्षांनी ५०.८ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या किरणोपचाराच्या गटात ४१.७ टक्के. पण जगभरच्या जुन्या चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात किरणोपचाराला केमो जोडण्याचा फायदा वयाबरोबर ओसरत जातो आणि सत्तरीनंतर जवळजवळ दिसेनासा होतो, असेही आढळले आहे. डॉक्टरांनी दोन्ही बाजू आमच्यापुढे ठेवल्या. त्याआधी त्यांनी ह्यांची एक वेगळीच परीक्षा घेतली होती: खुर्चीतून उठून चालून दाखवा, गेल्या तीन महिन्यांत वजन किती उतरले, किती गोळ्या चालू आहेत, स्मरण कसे आहे, जेवण किती जाते, घरी करणारे कोण आहे. वृद्धांच्या कर्करोगात ही पाहणी फार मोलाची असते. जन्मतारखेतले वय आणि शरीराचे वय यांत दहा-दहा वर्षांचे अंतर निघते. ऐंशीचा ताठ शेतकरी जे पेलतो ते पासष्टचा मधुमेही पेलेल असे नाही. ह्यांचे वजन सहा किलोंनी उतरले होते, चाल मंद होती. केमो वगळायचे ठरले. ही पहिली वजाबाकी.

दुसरी मानेची. १९०६ साली अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी मानेच्या सगळ्या ग्रंथी एकगठ्ठा काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिच्यात मानेचा मोठा स्नायू, गळ्याची मुख्य शीर आणि खांदा उचलणारी नसही जात असे. रोग निघे, पण हात डोक्यापर्यंत जाणे अवघड होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्नायू, शीर आणि नस राखून ग्रंथी काढण्याची रीत आली, आणि त्यानंतर ज्या विभागांत रोग जाण्याचा संभव तेवढेच विभाग काढण्याची. तरीही किरणोपचारानंतर मानेची शस्त्रक्रिया ठरवूनच करायची, अशी प्रथा पुष्कळ काळ होती. २०१६ साली ब्रिटनमधल्या ५६४ रुग्णांच्या चाचणीने ती मोडली. एका गटाची ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटाचा उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट-सीटी काढून, ज्यांच्या मानेत रोग उरल्याची शंका आली त्यांचीच केली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. जगण्यात फरक पडला नाही. त्या चाचणीत विषाणूच्या जातीचे रुग्ण अधिक होते, तरी दुसऱ्या जातीतही निष्कर्ष बदलला नाही. आमच्या डॉक्टरांनी हीच वाट सुचविली. मात्र वाट पाहणे हाही उपचारच आहे, त्याची तारीख चुकवायची नाही, असे बजावून. बारा आठवड्यांच्या आत घाईने पेट-सीटी काढू नये, कारण किरणांनी भाजलेला भागही त्यात उजळतो आणि नसता घोर लावतो.

तिसरी वजाबाकी यंत्रातली. किरणांची मात्रा रोगावर पूर्ण ठेवून लाळग्रंथींवरची तेवढी उतरविता येते. ज्या तंत्राला आयएमआरटी म्हणतात, त्याची ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांत तुलना झाली. वर्षानंतर तोंड बऱ्यापैकी कोरडे राहिलेले जुन्या तंत्रात ७४ टक्के होते, नव्यात ३८ टक्के. आपल्या रुग्णालयात हे तंत्र उपलब्ध आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. आपल्याला हवे ते तंत्र आणि पेट-सीटी तीत बसते का, याची चौकशी मात्र आरंभीच करून ठेवावी.

उरली किरणमात्रा. आठवड्यात पाच दिवस, सात आठवडे, एकूण ३५ वेळा, ७० ग्रे. आपल्याकडे लोक त्याला शेक म्हणतात. त्यात काहीही कमी करायचे नाही, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते. आमची खरी कसोटी लागली ती इथे.

पहिले दोन आठवडे सरळ गेले. तिसऱ्यात चव गेली, मग तोंडात पांढरे चट्टे आले, मानेची कातडी काळवंडली, लाळ तारेसारखी चिकट झाली. अठराव्या शेकानंतर ह्यांनी घरी आल्यावर पाटीवर लिहिले, "पुरे." बोलणेही नको झाले होते. दीर म्हणाले, "वय झालंय वहिनी, निम्मं झालंय, गाठ तर दिसतही नाही आता. थांबवू या." आणि गाठ खरोखरच हाताला लागत नव्हती! वाचकहो, हा क्षण आपल्या घरी आला तर तो ओळखून ठेवा. केमो वगळली तेव्हाही आम्ही उपचार कमीच केला होता. पण तो आधी ठरवून, तोलून, उरलेला भाग पुरा करण्याच्या भरवशावर. अठराव्या दिवशी थांबणे म्हणजे रोगाला अर्धी मात्रा देऊन माणसाला पूर्ण त्रास देणे झाले असते. गाठ हाताला न लागणे म्हणजे पेशी संपणे नव्हे. घशाच्या रोगात किरणोपचार नुसता लांबला, तरी एकेका वाढीव दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने, किंवा त्याहून किंचित अधिक, घटते असे मानतात.

दुसऱ्या दिवशी मी ती पाटीच डॉक्टरांना नेऊन दाखविली. त्यांनी ह्यांना उपदेश केला नाही. "आजोबा, दुखणं आमच्याकडून कमी पडतंय, शेक नाही," एवढे म्हणाले. त्याच दिवशी मॉर्फिनचे औषध सुरू झाले, जेवणाआधी तोंड बधिर करणारा द्रव आला, आणि नाकातून बारीक नळी घातली. नळीला आमचा सगळ्यांचा विरोध होता. नळी म्हणजे अखेर, असे मनात बसलेले. ती पाच आठवडे होती आणि मग निघाली. मॉर्फिनने सवय लागते म्हणून पुष्कळ घरांत ते नाकारले जाते. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेले मॉर्फिन वेदना ओसरल्यावर हळूहळू उतरविता येते, ह्यांचेही उतरले. पोट साफ राहण्याचे औषध मात्र पहिल्या दिवसापासून सोबत हवे.

नळीतून मुगाचे कढण, गाळलेली ज्वारीची पेज, दूध, अंडे फेटून. तोंडाने जे जमेल ते थोडे थोडे गिळत राहायचे, दिवसातून काही घोट तरी, नाहीतर गिळण्याचे स्नायू काम विसरतात. गिळण्याचे व्यायाम शिकविणाऱ्या ताई त्यासाठीच असतात. हंगाम सिताफळाचा होता. दौलताबादेत राहून त्या दिवसांत सिताफळ न खाणारा माणूस विरळा. बिया वेचून काढलेला गर थंड दुधात कालवून दिला, तर चव नसलेल्या जिभेलाही तो मऊपणा सोसला. मधुमेह असणाऱ्यांनी अर्थात विचारून घ्यावे. ताक, टोमॅटो, लिंबू, मिरची यांनी आग होते. दर सोमवारी वजन.

एका दिवशी यंत्र बंद पडले. तो शेक शनिवारी भरून काढला. आपल्या रुग्णाचा दिवस सणामुळे किंवा यंत्रामुळे हुकला, तर तो कधी भरून काढणार, हे त्याच दिवशी विचारावे. पोळ्याला ह्यांना बैलांपुढे उभे राहायचे होते. पहाटे पूजा केली आणि दहा वाजता यंत्राखाली होते. पस्तिसावा शेक ठरल्याहून तीन दिवस उशिरा संपला.

बारा आठवड्यांनी पेट-सीटी स्वच्छ आली. मान उघडावी लागली नाही. याला आता चौदा महिने झाले. पुढचे मी जाणत नाही आणि डॉक्टरही ठामपणे बोलत नाहीत. असे रोग उलटले तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतात, एवढे ते सांगतात.

बाकावरच्या त्या हसतमुख गृहस्थांचा रोग मात्र पुढे फुप्फुसात दिसला. मी त्यांच्याविषयी मुद्दाम लिहिते आहे, कारण उपचार उतरविण्याचा आणखी एक अर्थ तिथे लागू पडतो. बरे होण्याची आशा संपली की कडक औषधांचा हिशेबच बदलतो. टाटामध्ये ४२२ रुग्णांत केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्याला एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या आणि रोजच्या सेलेकॉक्सिबच्या गोळ्यांनी शिरेतल्या सिस्प्लॅटिनपेक्षा रुग्ण किंचित अधिक जगले, साडेसात महिने विरुद्ध सहा, आणि तेही कमी त्रासात, कमी खर्चात, आपल्या घरी. अशा गोळ्या चालू असलेले ते गृहस्थ गेल्या दिवाळीला आमच्याकडे फराळाला येऊन गेले. चिवडा नाही, पण दुधात भिजवलेला अनारसा त्यांनी खाल्ला.

आमच्याकडे आता तीन कामे उरली आहेत. दातांची: किरणोपचारानंतर जबड्याचे हाड नाजूक होते, त्यामुळे दुखरा दात परस्पर काढायचा नाही. ह्यांचे दोन किडके दात शेक सुरू होण्याआधीच काढून जखम भरू दिली होती, आता रोज फ्लोराइडची पेस्ट लावणे आहे. मानेची: किरणांनी कातडी आणि स्नायू आखडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ मान व खांदे फिरविण्याचे व्यायाम. आणि थायरॉइडची, जी सर्रास विसरली जाते. मानेवरच्या शेकाने ती ग्रंथी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मंदावू शकते. माणूस सुस्तावतो, थंडी वाजते, आवाज जड होतो, आणि घरातले म्हणतात म्हातारपण. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी पुरते. ह्यांची पुढच्या महिन्यात आहे.